झाकणाखालची धूळ

५ मार्च

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्यांना काय लिहायचं ते शाळेत एकदा शिकवलं होतं म्हणे. त्या दिवशी मी तुमच्या केबिनमध्ये रिळं गुंडाळत बसलो होतो, त्यामुळे ते राहूनच गेलं. नमस्कार समजून घ्या.

फोन तुम्ही उचलत नाही. ताई म्हणते, तू आपला पत्र लिही, हातात आलेला कागद ते न वाचता टाकत नाहीत, औषधाच्या पुडीवरचा मजकूरसुद्धा वाचतात. म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे मी आता हमाल नाही. थिएटरांत नवी मशीनं बसवणाऱ्या कंपनीत मी ओझी उचलायला लागलो हे तुम्हाला माहीतच आहे, कारण पहिलं ओझं मी तुमच्याच केबिनमधून उचललं. तुमचं रिळांचं मशीन. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद आहे. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, आधीच सांगून ठेवतो. ते जायचंच होतं. बरोबरचे लोक त्याला जिन्यावरून भंगारासारखं घसरवत नेणार होते. दिव्याकडचं जड टोक मी धरलं, म्हणून ते ओरखडा न पडता खाली गेलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात. तुम्हाला ते दिसलं नाही, म्हणून लिहिलं.

तर आता मी वर्कशॉपला आहे. टेबल माझं स्वतःचं. वर भिंगाचा दिवा, अंगात निळा कोट, आणि मनगटाला एक वायर, तिचं दुसरं टोक जमिनीत. अंगातली वीज नाजूक सामानाला चटका देऊ नये म्हणून ती असते. पहिल्या दिवशी ती बांधताना शेजारचा म्हणाला, नवीन पोरं पळून जातात ना, म्हणून बांधून ठेवतात. त्याला आम्ही डुलकी म्हणतो. बसल्या बसल्या त्याला झोप लागते, पण झोपेतही हातातली डाग द्यायची तापलेली कांडी कुठे टेकवत नाही.

तुम्ही म्हणायचात, नव्या मशीनला बटण दाबायला माणूस कशाला, माकड पुरे. बाबा, बटणाचं मला माहीत नाही. मी बटणाच्या मागे काम करतो. तिथे काय आहे ते सांगतो.

पिक्चर आता डब्यांतून येत नाही, एका डिस्कवर येतो, आणि येतो तो कुलूप लावूनच. डिस्क कोणी पळवली तरी त्याला त्यात नुसता कचरा दिसेल. कुलपाची किल्ली मागाहून येते. ती एकाच थिएटरच्या एकाच मशीनला लागते, तीही ठरलेल्या दिवसांपुरती. आता हे मशीन तेच मशीन, हे ओळखायचं कशावरून? तर मशीनच्या पोटात एक सीलबंद डबी असते, पत्र्याची, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यात एक चिप, नखाएवढी. तिच्या पोटात एक गुपित. ते ती कोणालाही सांगत नाही. मालकाला नाही, मला नाही, ज्या कारखान्यात ती जन्मली तिथल्यांनाही नाही. किल्ली आली की आतल्या आत कुलूप काढते आणि बाहेर फक्त चित्र सोडते. आणि कोणी डबीचं झाकण उघडलंच, तर पापणी लवायच्या आत गुपित पुसून टाकते. जीव देईल, पण बोलणार नाही. खरं सांगू का, मला तिचं कौतुक वाटतं.

मेलेल्या डब्या आमच्याकडे येतात. कुठे बॅटरी संपलेली असते, कुठे पाणी गेलेलं असतं. मी आतलं सगळं तपासतो, खराब भाग बदलतो, मग डबी कारखान्यात जाऊन नवं गुपित घेऊन येते, आणि शेवटचं सील मी लावतो. सीलवर लावणाऱ्याचा नंबर असतो. म्हणजे शाळेनं ज्याला आठवीत ठेवून घेतलं, त्याच्या भरवशावर आता पिक्चर चालतात. हे तुम्हाला कळावं एवढीच इच्छा.

राहायची सोय छान आहे. खोलीत आम्ही बरेच जण आहोत, पण खिडकी माझ्या बाजूला आहे.

तुमचा
(नाव तुम्हीच ठेवलंय)


१९ मार्च

बाबा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. त्याऐवजी तुमची डबी आली.

मी खोक्यावरची चिठ्ठी न वाचताच खोकं उघडलं, ही माझी नेहमीची घाई. डबी बाहेर काढली, भिंगाखाली धरली, आणि माझे हात तसेच राहिले. झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका. अर्धा स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा पत्र्यावर. धक्क्यांनी स्क्रू सैल झाला की ठिपका मधोमध तुटतो आणि लांबूनच कळतं. कारखान्यात असे ठिपके देत नाहीत. आमच्याकडेही देत नाहीत. असे ठिपके काडीच्या टोकानं, जीभ दातात धरून देणारा एकच माणूस मी पाहिला आहे. मग चिठ्ठी वाचली. थिएटरचं नाव वाचायची तशी गरज नव्हती.

आमच्यात नियम आहे. ओळखीच्या ठिकाणची डबी टेबलावर आली तर हात बाजूला घ्यायचे आणि सांगायचं. मी उभा राहिलो. मॅडम पलीकडे होत्या. मॅडम म्हणजे वर्कशॉपच्या मुख्य इंजिनिअर, आवाज लहान आणि नजर मोठी. मी म्हटलं, "मॅडम, ही डबी माझ्याकडे नको. हे माझ्या वडिलांचं थिएटर आहे."

"वडील मालक आहेत?"

"ऑपरेटर आहेत."

हे मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की डुलकी जागा झाला. खरं तर वडील काय करतात हे इथे कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. आता सगळ्या वर्कशॉपला माहीत आहे. बरं वाटलं.

डबी मॅडमनी स्वतःकडे घेतली. मला चौकशी संपेपर्यंत पॅकिंगला बसवलं आहे. ही शिक्षा नाही, नियम आहे. पॅकिंगलाही अक्कल लागते, नाहीतर सामान वाटेत खुळखुळतं.

पुढचं ताईकडून कळलं. नव्या पिक्चरचा पहिला खेळ, बाल्कनीसुद्धा भरलेली, आणि पडदा काळा. मशीन म्हणत राहिलं की मला किल्ली ओळखू येत नाही. खाली लोक खुर्च्या आपटत होते. मालक धापा टाकत केबिनमध्ये आले आणि सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, तुम्ही काही केलंत का? तुम्ही म्हणालात, नाही.

आता नीट वाचा. झाकण कधी उघडलं ते चिपनं मरता मरता नोंदवून ठेवलं आहे. ती नोंद कोणालाही खोडता येत नाही, मॅडमनाही नाही. झाकण उघडलंय आणि ऑपरेटर म्हणतोय नाही, हे कंपनीच्या दक्षता विभागाकडे गेलं आहे. शिवाय तुमच्या केबिनच्या फळीवर त्यांना एक पेचकस सापडला, टोक कानशीनं घासून सहा पाकळ्यांचं केलेला. त्या स्क्रूंना बाजारातला साधा पेचकस लागत नाही, मुद्दामच तसे केलेत. त्यांचं म्हणणं असं, की ज्यानं हत्यार बनवलं त्यानं बेत करून डबी फोडली, पिक्चर चोरायला.

बेत करून! तुम्ही तर घरातल्या नळाचा पानासुद्धा स्वतः घासून बनवलात. पण हे त्यांना कुठून माहीत असणार.

जपून राहा. मला कोणी काही म्हटलेलं नाही, माझी काळजी नको.


२७ मार्च

बाबा,

ताईनं तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "त्याला म्हणावं, तुझ्या ठोकळ्याला मी शिवलोसुद्धा नाही. आणि त्याच्या कंपनीची वकिली त्यानं घरी करू नये."

एवढ्या काळानंतर तुमच्याकडून आलेला पहिला शब्द आहे, म्हणून मी तो दोनदा सांगायला लावला. दुसऱ्यांदाही तसाच होता.

तुम्हाला लिहितोय हे मी मॅडमना सांगितलं आहे. लपवून लिहिलं असतं तर उद्या लोक म्हणाले असते, पोरानं बापाला पढवलं. त्या म्हणाल्या, लिही, पण पत्र आधी मला दाखव, आणि काय सांगायचं ते वडिलांना सांगू नकोस. खरं सांगा, याच्यापुढे एक शब्द नको. म्हणून डबीत काय मिळालं, काय नाही, ते मी लिहू शकत नाही. मला ते माहीतही नाही, त्या खोलीत मला जाता येत नाही.

पण तुम्ही कसे आहात हे लिहायला तर कोणाची मनाई नाही.

तुम्ही खोटं बोलत नाही. लहानपणी मी सिगारेट ओढली तेव्हा तुम्ही मला आईपासून वाचवायलाही खोटं बोलला नाहीत, मार खाऊ दिलात. मग तुम्ही मालकांना नाही का म्हणालात, याचा मी खोकी बांधता बांधता खूप विचार केला. मालकांनी विचारलं, काही केलंत का. तुमच्या लेखी मशीन पुसणं म्हणजे काही करणं नव्हेच. तोंड धुणारा माणूस काही करतो का? आठवड्याची सुट्टी संपली की पहिल्या खेळाच्या आधी ब्रश, मऊ फडकं, सुईच्या टोकाएवढं तेल. रिळांचं मशीन होतं तेव्हा मी कंदील धरायचो आणि तुम्ही त्याच्या दातांमधली धूळ काढायचात. कोणी न पुसलेल्या मशीनवर तुम्ही पिक्चर लावणार नाही. मला वाटतं ते असं आहे. चुकत असेन तर सोडून द्या.

आणि एकदा नाही म्हटल्यावर आता हो म्हणायचं म्हणजे नवीन मशीन आपल्याला कळलं नाही, असं सगळ्यांपुढे कबूल करायचं. ते तुम्हाला जमत नाहीये. मलाही जमलं नसतं. हे नाक मी कुणाकडून घेतलंय?

पण चिपची गोष्ट ऐका. झाकण कधी उघडलं ते तिला कळतं. का उघडलं ते कळत नाही. ब्रश घेऊन आलेला आणि चोरी करायला आलेला, दोघे तिला सारखेच. मी तिला दोष देत नाही, ती नखाएवढी आहे, तिला जेवढं शिकवलं तेवढंच ती करते. मालकांनी मशीन विकत घेतलं, पण तेवढ्या डबीत राज्य पिक्चरवाल्यांचं आहे आणि पहारा मालकावरही आहे. हे मला पटो न पटो, नोकरी त्या पहाऱ्याचीच करतोय. मात्र 'का' हे सांगायला माणूसच लागतो, आणि तो माणूस गप्प बसला तर चिपचं अर्धंच बोलणं पूर्ण धरलं जातं.

आता काय पणाला लागलंय ते सरळ लिहितो. चोरीचा ठपका बसला तर तुमचं नाव सगळ्या थिएटरांकडे जाईल. एका केबिनमधून काढतील असं नाही, कुठल्याच केबिनच्या दारात उभं करणार नाहीत. तिकिटं फाडायलाही नाही. आणि आपल्या थिएटरला किल्ल्या देणं बंद. सध्या जी उसनी डबी लावून खेळ चाललेत, तीही परत मागतील.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते तुम्हाला मालकांच्या ऑफिसात फोन लावून विचारतील. उघडलं नसेल तर उघडलं नाही म्हणा. उघडलं असेल तर उघडलं म्हणा. त्यापुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मॅडमनी हे पत्र वाचलं. काही खोडलं नाही. फक्त नाकाबद्दलच्या ओळीपाशी थांबल्या आणि माझ्या नाकाकडे पाहिलं.


४ एप्रिल

बाबा,

हे पत्र छोटं आहे कारण मला राग आलाय.

ताई म्हणते, तुम्ही मालकांना म्हणालात, एवढं असेल तर मी काम सोडतो, मिटवा. आणि मालक लगेच हो म्हणाले.

मालक हो म्हणणारच. त्यांना थिएटर वाचवायचंय. पण तुम्ही सोडून गेलात की लोक काय समजतील? पकडला गेला म्हणून गेला. तुम्हाला वाटेल आपण मानानं बाहेर पडलो, आणि मागे कायमचं चोर म्हणून नाव राहील. तुमचं आणि थोडं माझंही. इथे माझ्याकडे कोणी बोट दाखवत नाही, पण परवापासून दक्षता विभागाचे साहेब पॅकिंगवरून जाताना मी बांधलेलं खोकं पुन्हा उघडून बघतात. मी काही म्हणत नाही. तेही त्यांचं काम करतात. खोकं परत बांधतो, आधीपेक्षा घट्ट.

जायचं असेल तर चौकशीनंतर जा. उजळ माथ्यानं जा. मी स्वतः येऊन सामान उचलेन. सवय आहे.

मॅडम म्हणाल्या, या पत्रात पढवणं काही नाही, पण बापाशी असं बोलतात का? मी म्हटलं, आमच्यात एवढ्यावर भागलं तर गोड बोलणं समजतात.


११ एप्रिल

बाबा,

काल काय झालं ते तुम्हाला तुमच्या बाजूनं माहीत आहे. मी माझ्या बाजूनं सांगतो.

चौकशी काचेच्या खोलीत होती. आत मॅडम, दक्षतेचे साहेब, एक लिहून घेणारी मुलगी आणि टेबलावर फोन. मी नात्यातला, म्हणून आत मनाई. पॅकिंगचं टेबल त्या काचेसमोरच आहे, तिथे मी चिकटपट्टी घेऊन उभा होतो. माणसं दिसतील, ऐकू येणार नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण जन्मभर मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेला माणूस फोनवर बोलला की मध्ये काच असून उपयोग नसतो. तुम्ही "हॅलो" म्हणालात आणि सगळ्या वर्कशॉपनं मान वर केली.

किती काळानं ऐकला आवाज. चिकटपट्टी माझ्या बोटालाच चिकटून राहिली.

साहेबांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, ते हळू बोलतात. तुमचं मात्र सगळं आलं.

"उघडलं," तुम्ही म्हणालात. "हो. मीच."

मग साहेबांनी काही विचारलं.

"आत धूळ होती."

पुन्हा त्यांनी विचारलं. बंद डबीतली धूळ तुम्हाला कशी दिसली, असंच असणार, कारण तुम्ही म्हणालात, "दिसली नाही. पंख्याचा आवाज जड झाला होता. तिथली जाळी काढली, पुसली, तरी जड. म्हणजे अजून आत असणार."

साहेबांनी बोटानं हवेत एक चौकोन काढला. झाकणावर लाल अक्षरांत पाटी असते, उघडू नये, तिच्याबद्दल. बाबा, मला वाटलं तुम्ही म्हणाल, चष्मा नव्हता.

"वाचली की. उघडू नका म्हणून लिहिलंय. ती चोरांसाठी आहे. मी कशाला थांबू?"

डुलकी माझ्या बाजूला येऊन उभा होता. तो हसायला लागला आणि मग थांबला. काचेच्या आत कोणीच हसलं नाही. मॅडम टेबलाकडे बघत होत्या.

साहेबांनी पुढचं विचारलं ते थोडं कडक होतं, चेहऱ्यावरून कळलं. आधी नाही का म्हणालात, मग.

"मालकांनी विचारलं, काही केलंत का. काही केलं नव्हतं. पुसलं होतं." मग आवाज जरा खाली आला, म्हणजे इतरांच्या बोलण्याएवढा झाला. "नंतर कळलं की तेच ते. तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळ्यांसमोर तोंडातून गेलेलं मागे घ्यायला मला वेळ लागतो."

आता सांगा असं तुम्हाला कोणी सांगितलं, हे साहेब विचारणारच होते. ते त्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे काचेतून पाहिलं.

"माझा मुलगा तिथेच आहे. काय सांगायचं ते त्यानं सांगितलं नाही. खरं सांगा म्हणाला. मशीनचं काम करतो तो, त्याला कळतं."

बाबा, तुम्ही ते सहज म्हणालात. मी इथे निळा कोट पहिल्यांदा घातला तेव्हा आरशात पाहिलं होतं, तेव्हाही मला असं वाटलं नव्हतं. मशीनचं काम. तुम्ही बटण म्हणाला नाहीत, ठोकळा म्हणाला नाहीत. माझ्या हातातलं खोकं मी उलट्या बाजूनं बांधलं, नंतर डुलकीनं ते सरळ केलं आणि कोणाला सांगितलं नाही.

मग मॅडम बोलल्या. त्यांनी बाहेर आल्यावर मला ते थोडक्यात सांगितलं, आता सांगायला हरकत नव्हती म्हणून. डबीच्या आत ब्रशचा एक केस मिळाला होता. आतल्या पंख्याच्या आसाला तेलाचा एवढासा थेंब. आणि ते ठिपके. त्या साहेबांना म्हणाल्या, चोर आपल्या खुणा पुसतो, या माणसानं खुणा करून ठेवल्यात. साहेबांना ते पटलं. पण पटलं तरी त्यांनी एक गोष्ट म्हटली, आणि ती मलाही मान्य आहे. उद्या खरा चोर ब्रश घेऊन आला तर? म्हणून नियम नियमच राहणार. निकाल पुढच्या आठवड्यात आहे.

तोपर्यंत मशीनला हात लावू नका. बाहेरची जाळी पुसा, ती तुमचीच आहे, तिला सील नसतं.


२० एप्रिल

बाबा,

मालकांना निकाल कळला आहे, तरी माझ्या हातानं लिहितो. चोरीचा ठपका नाही. परवानगीशिवाय झाकण उघडल्याची ताकीद आहे, आणि तेवढी ती रास्त आहे. डबीला नवं गुपित मिळालं. कारखान्यातून परत आली तेव्हा मॅडमनी तिला सील लावलं, मी नाही, मला अजून तिच्याजवळ जाता येत नाही. बसवायलाही दुसराच माणूस येईल. माझ्यासारखाच दिसेल, निळा कोट असतो सगळ्यांना, पण त्याला माझ्या वाटणीचं बोलू नका.

मी टेबलावर परत आलो. त्या साहेबांनी आज माझं खोकं उघडलं नाही. नुसतं हलवून बघितलं. खुळखुळलं नाही.

एक अट मात्र आहे. तुम्हाला केबिनमध्ये राहायचं असेल तर कंपनीचा ऑपरेटरांचा वर्ग करावा लागेल, इथे येऊन. शेवटी पेपर आहे. वर्ग केला नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस. मालक म्हणाले, त्या वयाला काय वर्गात बसवता. मॅडम म्हणाल्या, ज्याला पंख्याचा आवाज कळतो त्याला बाकीचंही कळेल, पण कळून घ्यायला यावं लागेल. यावरून तुम्ही दोन दिवस ताईशीही बोलला नाहीत, हे मला माहीत आहे.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. त्या वर्गात सीलबंद डबीचा एक तास असतो. आधी तो छापील पुस्तिकेवरून घ्यायचे, आणि लोक झोपायचे. तो घ्यायला उभा राहिलेला डुलकी तर उभ्यानंच झोपायचा. मॅडमनी माझं तुम्हाला लिहिलेलं पत्र वाचलं होतं, चिप 'कधी' सांगते आणि 'का' सांगत नाही, ते. चौकशी संपल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, हे असंच लोकांना सांगशील का? मी म्हटलं, मॅडम, मी आठवी नापास आहे. त्या म्हणाल्या, मी तुझा निकाल विचारला नाही.

तर तो तास आता मी घेतो. काल पहिला झाला. समोर वेगवेगळ्या थिएटरांतले ऑपरेटर होते, काही माझ्या वयाचे, काही तुमच्या. एक जण म्हणाला, उघडू नका असं लिहिलंय तर आम्ही उघडू कशाला? मी म्हटलं, तुम्हाला मशीनची माया असेल तर उघडाल. आवाज जड झाला की आमच्याकडे डबी पाठवा, आम्ही उघडून पुसून देतो. मग मागून एक पांढऱ्या केसांचा माणूस म्हणाला, हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही, नुसतं हात लावू नका म्हणाले. मॅडम दारात उभ्या होत्या. आवाज जड झाला की डबी पाठवा, ही ओळ आता पुस्तिकेत घालणार आहेत. तुमच्यामुळे आली ती.

ते मला सर म्हणतात. तुम्ही म्हणू नका, मला पुढचं काही सुचायचं नाही. पेपर मी तपासणार नाही, मॅडम तपासतील, नात्याचा नियम इथेही आहे. म्हणजे तुम्ही पास झालात तर स्वतःच्या जोरावर, आणि नापास झालात तर आपण दोघे मिळून.

स्टेशनवर मी येईन. राहायला माझ्या खोलीत. गर्दी आहे, मागे मी थोडं सजवून लिहिलं होतं, पण खिडकीजवळची जागा खरोखरच माझी आहे, ती तुम्हाला देतो.

हे पत्र बंद करत होतो, एवढ्यात ताईचा फोन आला. म्हणाली, बाबा विचारतायत, वर्गात पेन आपलं न्यायचं की तिथे मिळतं.

आपलंच आणा, बाबा. आणि मधल्या बाकावर बसा. पहिल्या बाकावर बसलात तर माझा आवाज कापेल, आणि शेवटच्या बाकावर बसलात तर तुम्ही आहात की उठून गेलात, हे बघण्यातच माझा सगळा तास जाईल.